मामांच्या पापण्या

अरे, चहा राहू दे, आधी हे ऐका! आमचे सुकापूरचे मामा माहितीयेत ना? पापण्या इतक्या लोंबल्यात की माणूस कायम झोपलेलाच वाटतो. परवा स्कूटर चालवताना त्यांना वरचा सिग्नलच दिसला नाही, थोडक्यात वाचले. मग काय, मी हट्टानेच त्यांना नवीन पनवेलला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर छान समजावत होते, "वरची जास्तीची कातडी काढता येते, नाहीतर पापणी उचलणारा स्नायू घट्ट करता येतो." तेवढ्यात मामांची मान खाली! डॉक्टर हळूच माझ्या कानाशी आले. "भुलीची सुई चांगलीच दुखते हो. पण काकांना मुंगी चावल्यासारखं वाटेल, असंच सांगू."

"मी जागा हाय, डॉक्टर."

अरे, खुर्चीतल्या खुर्चीत उडालो आम्ही दोघं! डॉक्टरांचा चेहरा लालबुंद आणि मामा एकदम खुशीत! मला म्हणाले, "बगितलंस? जमिनीच्या बैठकीला पन असंच होतं. बिल्डरला वाटतं म्हातारा झोपला, आनि माझ्यासमोरच सगलं खरं बोलून जातो. आनि तू याच पापण्या कापायला निघालास?"

"अहो मामा, पण तो सिग्नल?"

मामा पापण्यांखालूनच डॉक्टरांकडे बघत म्हणाले, "करा ऑपरेशन. पन फक्त उजव्या डोल्याचं. बिल्डरला मी डावीकडं बसवतो."