तलावात अडकलेली होडी

सत्तर-पंच्याहत्तरच्या काळात आम्ही चौघं वाशिमला कॉलेजात होतो. जऊळक्याकडच्या तलावात मासे धरणाऱ्या गंगारामकाकांसाठी आम्ही एक यंत्र बनवलं. आपोआप जाळं ओढणारी छोटी होडी. वायपरची मोटर अन् ट्रॅक्टरची बॅटरी! काकांनी आपलं एकुलतं एक जाळं तिला बांधलं. होडी मधोमध गेली अन् बंद पडली.

माझा जीव थाऱ्यावर राहीना. नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

“जाळं बुडालं तं आमी खावं काय?” काकांच्या शेजारी उभ्या काकू म्हणाल्या.

“आणतो ना, काकू!”

काकांनी विचारलं, “पोराहो, तुमच्यात पोवता कोणाले येते?”

आमच्यापैकी एकालाही येत नव्हतं. तोवर काकूंनी लुगडं खोचलं अन् पाण्यात उडी मारली.

होडी-जाळं काठाला लावून त्या धापा टाकत म्हणाल्या, “मशीन मंग दुरुस्त करजा. उद्या सकाळी आदी पोवणं शिकाले या.”