चालू द्या, मी थांबतो

मी मूळची मिरजेची, नर्सिंग करून नॉटिंगहॅमला आले आणि आमचे हे माझ्या मागून आले, म्हणजे नवऱ्यामागून बायको जाते त्याच्या उलटं, आणि त्यावरून सासूबाईंची किती बोलणी खाल्ली, काय सांगू तुम्हाला. ह्यांना हॉस्पिटलातच पोर्टरचं काम मिळालं. ट्रॉली ढकलायची, पेशंट न्यायचे, कुणी गेलं तर तेही न्यायचं. नाटकाचं वेड गावापासूनचं, म्हणून इथल्या हौशी गोऱ्या मंडळींच्या नाटकात शिरले, तर तिथंही पोर्टरच.

नाटक विनोदी, वॉर्डातलं. हे मढं न्यायला चुकीच्या बेडपाशी येतात, तिथला म्हातारा सूप पीत असतो. हे टोपी काढून म्हणतात, चालू द्या तुमचं, मी थांबतो. आणि खरंच थांबायचे. हॉल हसत राहायचा, हसणं ओसरलं की मगच म्हातारा बोलायचा. किती थांबायचं ते ह्यांना बरोबर कळायचं.

मग त्या नाटकाची फिल्म करायचं ठरलं. बाकी नट लंडनचे घेतले, जुने फक्त हे. सासूबाईंनी गावात पेढे वाटले, बोलणी बंद झाली एकदाची.

शूटिंगला मी गेले होते. हे वाक्य बोलले आणि थांबले. कुणी हसेना. हसणार कसं, आवाज रेकॉर्ड होतो म्हणून सगळे तोंड दाबून उभे. डायरेक्टर भला माणूस, म्हणाला, थांबू नका, पुढे चला. परत घेतलं, हे परत थांबले. परत घेतलं, तेच. शेवटी ते वाक्य दुसऱ्या नटाला दिलं, आणि ह्यांनी मागं ट्रॉली धरून उभं राहायचं.

फिल्म बघायला आम्ही दोघंच गेलो. त्या वाक्याला लोक एवढे हसले की म्हाताऱ्याचं पुढचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही. अंधारात हे हळूच म्हणाले, "बघ, थांबायला हवं होतं." मग नाटकाचं नावच काढलं नाही. सासूबाई कॅसेट मागत राहिल्या, आम्ही पाठवली नाही.

आता हे त्याच हॉस्पिटलात आहेत. फुफ्फुसाचं आहे, डॉक्टरांनी काही लपवलं नाही. ह्यांना घास गिळवत नाही, पण मी समोर बसून जेवायचं हा ह्यांचा हट्ट. परवा मी डबा उघडला, घास घेतला, तर माझ्याकडे बघून म्हणाले, "चालू द्या तुमचं. मी थांबतो."

आणि थांबले. मी हसले, मोठ्यानं हसले, सिस्टर बघायला आली. माझं हसणं संपायची ते वाट बघत होते. संपू नये असं वाटत होतं, पण माणूस किती वेळ हसणार.