गोठ्यामागच्या ओंडक्यावरची बुरशी

आमच्या कऱ्हाटीच्या घरातला एक नियम सांगते, त्याला ‘का’ विचारायचं नसतं. सडक्या लाकडावर पांढरी बुरशी धरली की घरातलं माणूस दगावतं, म्हणून ती खरवडून जाळायची.

पारसाल आई दोन महिने खोकत होती, तर आजोबा, म्हणजे तात्या, आणि बाबा गोठ्यामागच्या बाभळीच्या ओंडक्यावरची बुरशी जाळत बसले. दवाखान्यात नेईपर्यंत आई गेली.

परवा बुरशी पुन्हा दिसली. फोटो बघून कॉलेजातले सर म्हणाले, “फार दुर्मिळ आहे, जपा.”

आजोबा खुरपं घेऊन आलेच, मागोमाग बाबा. “सरक पोरी. आता कुनाला खायाचं हाय हिला?”

“तात्या, आई खोकल्यानं गेली. तुम्ही तिला सोडून लाकडाला औषध केलंत. मी हिला हात लावू देणार नाही.”

तात्यांनी बाबांकडं बघितलं. बाबांनी मान खाली घातली. खुरपं तात्यांच्या हातातच राहिलं.