ओझं कसं उचलावं

आमच्या डिचोलीच्या जिमवाल्या राजेशने काय अक्कल पाजळली, ऐका. कोचांसाठी व्यायामाच्या व्हिडिओंची लायब्ररी करायची म्हणून तो मला कॅमेरा धरायला मुळगावच्या भातगिरणीवर घेऊन गेला. तिथे बाबलो हमाल पोती वाहत होता. राजेशने त्याला थांबवलं.

"तुझी पद्धत साफ चूक. कंबर जाईल. ओझं असं उचलायचं, बघ!" म्हणत हा पोत्यावर वाकला आणि तसाच अडकला.

बाबलोने त्याला अलगद खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं, "ह्यांका खंय ठेवू?"

निर्लज्जाने तोच व्हिडिओ लायब्ररीत टाकलाय, 'माणूस खांद्यावर कसा उचलावा' म्हणून. खाली प्रशिक्षक म्हणून नाव स्वतःचं! अरे, तू तिथे पोतं होतास!