पुढच्या दाराच्या बिजागऱ्या

तीन? बाथरूमच्या एवढ्याशा दाराला तीन बिजागऱ्या? लावा, लावा, माझं काय जातंय. मी आपली समोरच्या घरातली, किल्ली माझ्याकडे असते म्हणून तुम्हाला दार उघडून द्यायला आले, आणि आलेच आहे तर म्हटलं जरा बघावं — तसं मला यातलं थोडंफार कळतं. आमच्याकडे सगळ्या दारांना दोन-दोनच आहेत आणि वीस वर्षांत एक दार पडलेलं नाही. हां, स्वयंपाकघराचं घासतं खाली. पण ते आमच्या ह्यांनी लावलंय. एका सुट्टीला काय अंगात आलं कोण जाणे, बिजागरी बदलायला बसले, आणि तेव्हापासून ते दार उघडलं की मिटत नाही आणि मिटलं की कुणीतरी आत अडकून बसतं. मी म्हटलं, तुम्ही आपला पेपर वाचा. तर ते जाऊ दे. ही स्टीलची ना? ओल असते म्हणून? बघा, हे मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, लोखंडाची गंजते, त्यात काय मोठं शास्त्र आहे. पण नाही, शहाणपण सगळं भाचीचं.

आक्काची भाची हो. आक्का म्हणजे या घराची मालकीण — अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझी ती रक्ताची कुणी नाही, पण ती इथे राहायला आल्यापासून नऊ वर्षं समोरासमोर राहतोय, सकाळचा चहा तिचा माझ्याकडे आणि दुपारचा माझा तिच्याकडे, आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. आणि ही भाची नऊ वर्षांत आली किती वेळा? सहा. मोजल्यात मी. परवा घरी आली ती सातवी, आणि आल्या आल्या पर्समधून टेप काढली. पाण्याचा ग्लास नंतर, टेप आधी. मी तिला मोजपट्टी म्हणते — तोंडावर नाही, मनात. आक्का उद्या हॉस्पिटलमधून येणार, खुब्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालायचं, आणि मोजपट्टी आता इथेच राहणार तिच्यापाशी. कायमची. ऑफिसचं काम म्हणे घरूनच करणार. म्हणून हे सगळं — ही दारं, ह्या बिजागऱ्या, तुम्ही.

हे दार बाहेर उघडणार ना आता? आधी आत उघडायचं. मला माहीत आहे का? मिस्त्री, या दाराबद्दल माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. आक्का आत पडली ती दाराला टेकूनच पडली. मी बाहेरून ढकलतेय, तर दार बोटभर सरकतं आणि आतून आक्का ओरडते, कारण ते तिच्या पायालाच लागतंय. बिजागऱ्या काढाव्यात तर त्या आतल्या बाजूला. शेवटी वरच्या मजल्यावरच्या दोघांनी खालून फळी कापली. चाळीस मिनिटं मी इथे, या इथे फरशीवर बसून दाराच्या फटीतून तिच्याशी बोलत होते. काय वाटेल ते बोलले. भाजीवालीचं भांडण सांगितलं, आमच्या ह्यांचं दार सांगितलं, ती तशात हसलीसुद्धा. आणि हॉस्पिटलमध्ये भाची आल्यावर आक्का तिला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, तू आलीस, आता मला काळजी नाही. आता. म्हणजे तोवर होती. आणि भाची माझ्याकडे वळून म्हणाली, थँक्यू हं. असं, जसं लिफ्ट धरून ठेवली की म्हणतात ना, तसं.

बरं केलंत, बिजागरीची खाच जरा खोल घ्या, नाहीतर दार चौकटीत अडतं — नाही, तुम्हाला सांगायला नको, मी आपली सवयीने बोलते.

आता हे बेडरूमचं. हे कसलं हो विचित्र — अशी वाकडी बिजागरी मी पाहिली नव्हती. असं होय, उघडलं की दार चौकटीतून पूर्ण बाजूला जातं, मग वॉकर अडकत नाही. अच्छा. चांगलं आहे. नाही, चांगलंच आहे, चांगल्याला मी वाईट म्हणणाऱ्यातली नाही. फक्त एक सांगते, नऊ वर्षं मी या दारातून दिवसातून दहा वेळा गेले असेन आणि मला कधी ते मोजावंसं वाटलं नाही. आणि ती एका दिवसात वाकते काय, टेप लावते काय, कागदावर आकडे मांडते काय. जीव मी लावला, आणि दारं हिने. लोकांना काय दिसणार? दारंच दिसणार.

आणि ही नवी वाजणार नाही ना अजिबात? मला वाटलंच. ह्या दाराची कुरकुर मला आमच्या ओट्यापाशी ऐकू यायची, ठाऊक आहे? पुढची दोन्ही दारं दिवसभर उघडी, तिचं आणि माझं, मधे हा एवढासा जिना. एकदा कुरकुरलं की आक्का उठली. दोनदा कुरकुरलं की बाथरूमला जाऊन परत आडवी झाली. भराभर कुरकुरलं की भाचीचा फोन आलाय आणि बाई आत-बाहेर येरझाऱ्या घालत बोलतेय. आक्का एकदा म्हणाली, तेल घालते गं याला. मी म्हटलं, नको, तेलाने लाकूड सडतं. सडतं का हो? नाही सडत? मग नसेल सडत.

हसू नका. काळजीपोटीच केलं. आता माणसाची काळजी घ्यायची म्हणजे थोडं कान देऊनच राहावं लागतं. तिचं टपाल मीच फोडायचे, तिला बारीक दिसत नाही म्हणून. म्हणजे चष्मा लावला की दिसतं, पण उगाच डोळ्यांना ताण. पडदे मी बदलले, ते निळे शोभत नव्हते तिच्या घराला. फोन आला की मी उठून जायचे नाही, कारण नंतर तिला आठवत नाही ना कोण काय बोललं, मग मी असलेली बरी. भाचीशी बोलताना मात्र ती आवाज खाली करायची. माझ्यासमोर. मी काय परकी आहे? त्या दिवशी, पडली त्याच्या आदल्या संध्याकाळी, तासभर बोलली तिच्याशी. तासभर. आणि ठेवताना म्हणाली, तुझ्याइतकं मला समजून घेणारं कुणी नाही बाई. मी तिथेच होते, लसूण सोलत होते, तिचाच. आले उठून तशीच. सोललेला लसूणही तसाच ठेवून आले. म्हटलं, ठीक आहे. आता उद्या चहालाही भाचीलाच बोलव.

म्हणून मग सकाळी —

काही नाही. तुमचा तो स्क्रू खाली पडला बघा.

नाही, सकाळी दार एकदा कुरकुरलं. मी ऐकलं. मग दुसऱ्यांदा कुरकुरायला हवं ना, परत जाताना? ते नाही कुरकुरलं. मधे काहीतरी धप्प वाजलं. बादली असेल म्हटलं. म्हटलं म्हणजे — बादली नाही हे मला कळत होतं, मिस्त्री, बादलीचा आवाज मला काय ओळखता येत नाही? पण मी चहा गाळत राहिले. म्हटलं, हाक मारेल तेव्हा जाईन, नेहमी मीच काय धावायचं. दहा मिनिटं. पंधरा असतील. हे म्हणाले, बघून ये गं समोर, आज सामसूम आहे, तेव्हा गेले. ती चाळीस मिनिटं सगळ्यांना माहीत आहेत. ही पंधरा तुम्हालाच सांगतेय, का सांगतेय देव जाणे. तुम्ही बोलत नाही म्हणून असेल. बोलणाऱ्या माणसाला काही सांगता येत नाही.

झालं का हे? आता पुढचं दार. त्याच्यासाठीच थांबलेय खरं तर. दाखवा बघू त्या बिजागऱ्या. स्प्रिंगच्या ना? जाडजूड नळीसारख्या — ह्यानेच दार आपोआप मिटतं. माहीत आहे मला, आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आहेत, सोडलं की दार मागून पाठीत येतं. ह्या नकोत. ह्या तुम्ही परत ठेवा पिशवीत आणि जुन्या साध्याच लावा. अहो, भाचीचाच मला फोन आला होता मघाशी. म्हणाली, मावशी, मिस्त्रींना सांगा, पुढच्या दाराला साध्याच, मी विचार बदलला. — फोन कशाला काढताय? कामात असेल ती, मीटिंग असते तिची ह्या वेळेला. ठेवा तो. मिस्त्री, ठेवा.

बरं, नाही आला फोन. मला कशाला करेल ती फोन.

पण तुम्ही विचार करा ना जरा. वॉकरवाली बाई, एका हाताने वॉकर धरणार की ते जड दार ढकलणार? हे दार नऊ वर्षं उघडं आहे. सकाळी सातला उघडतं ते रात्री टीव्ही बंद होईपर्यंत. मी आमच्या खुर्चीत बसले की आक्का तिच्या खुर्चीत दिसते, बोलायलाच लागतं असं नाही, नुसती दिसली तरी पुरतं. आमचे हे दिवसभर पेपरमागे, मुलगा परदेशात, रविवारी दहा मिनिटं दिसतो तो फोनवर, त्यातली पाच आवाज येत नाही. मला दुसरं कोण आहे समोर बसायला? आणि ही मोजपट्टी येऊन, एक बिजागरी लावून, मला दाराबाहेर काढणार. सरळ म्हणायला तोंड नाही, म्हणून स्प्रिंग. हे तिचंच डोकं, आक्काच्या स्वप्नातसुद्धा असलं काही येणार नाही. आक्का आली की विचारा, ती स्वतः सांगेल तुम्हाला, काढा हे म्हणून. मग दुप्पट काम होईल तुमचंच.

काय? कसला कागद? भाचीने हातात दिलाय तुमच्या? बघू.

हे भाचीचं अक्षर नाही. तिचं मुंग्यांसारखं आहे, परवा पाहिलं मी. हे आक्काचं. हॉस्पिटलमध्ये बसून लिहिलेलं दिसतंय, ओळी उतरल्यात खाली. ‘बाथरूम — भाची म्हणेल तसं. झोपायची खोली — भाची म्हणेल तसं. पुढचं दार आपलं आपण मिटायला हवं. हे माझं म्हणणं आहे, भाचीचं नाही, ती नको म्हणत होती. पण हळू मिटणारं बघा. धाडकन मिटलं तर समोरचीच्या मनाला लागेल.’

हो. वाचलं. परत वाचलं.

ती नको म्हणत होती म्हणे. भाची.

घ्या हा तुमचा कागद, घडी होती तशीच घालते. मला काय वाटलं — काही नाही. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करता येतो ना? मग कमी ठेवा, हळू मिटायला हवं असं लिहिलंय तिने. झाल्या लावून? मग एकदा बघून घ्या नीट. नाही, मी नाही थांबत. हो, सरकते, मी अशी मधे उभी राहिले तर तुम्हाला कसं कळणार ते मिटतंय की नाही.

सोडा दार आता. मी बाहेर आहे.