उद्यापुरती चूल

— अन् मी तुले दोष देतच नाई, बुधरीबाई. तुही चूल, तुहं घर, फोडली तं फोडली. पण आजच्या दिवस माती कालव, मी बी लागते हाताले — माह्या साडीचं राहू दे, साडी धुता येते. उद्या साहेबाची जीप येऊन राह्यली ना गावात, हे मी बसवून देल्लेली सरकारी बिनधुराची चूल पाहाले. साहेब गेला का मंग फोडाची असन तं फोड. तुह्या मक्याले कीड लागली, वर टांगलेल्या बियाण्याले धूर भेटला नाई, छपरात भुंगे झाले — मले काय समजत नाई? माह्या आईच्या घरी बी चुलीवरच टांगतात कणसं. मी सांगितलं होतं साहेबाले. हो, मीटिंगमंधी सांगितलं, सगळ्याईसमोर. तेच चुकलं म्हण.

मीटिंग म्हणजे काय, तुले कसं सांगू? साहेब खुर्चीवर, आमी सारे सतरंजीवर. ज्याचं काम कमी त्याले उभं करते, शाळेतल्या पोरावानी — अन् मंग बसाले सांगतच नाई. मी म्हटलं, साहेब, धूर नसला तं बियाणं खराब होते, चुलीत थोडा फरक करू. तं म्हणे, बाई, सरकारनं तुमाले शिकवाले ठेवलं का शिकाले? सारे हासले. गुणवंतराव ग्रामसेवक सगळ्याईत जोरानं हासला — अन् त्याच्या आदल्या मीटिंगले तोच उभा होता, घामानं शर्ट आंगाले चिकटला होता त्याचा. मी मंग इचारलं त्याले, काऊन हासला गा भाऊ? तं म्हणे, वच्छलाबाई, नाई हासलो तं पुढच्या बारीले मीच. असं हाये आमचं ब्लॉक हापिस. कोण हासलं नाई, हे बी ध्यानात ठेवते साहेब. चहाच्या वक्ती कोणी कोणाजवळ उभं राहत नाई, काय मालूम कोण काय नेऊन सांगते.

धुरपता होती तेवढी माह्यासंगं, दुसरी ग्रामसेविका. एकाच खोलीत राह्यतो आमी, एकाच गंजात भात शिजे. आता तीबी बोलत नाई. तोंड फिरवून झोपते. मले तं वाटते, तुही चूल फुटल्याचं तिनंच सांगितलं — नाई तं एवढ्या जंगलातलं हेच गाव काऊन आठवलं साहेबाले? माणूस असं होते बाई, त्या हापिसात. संगं जेवणारीवर बी भरोसा राहत नाई.

काय म्हणतं? एवढ्याशा चुलीपायी साहेब काऊन मांगं लागला? चुलीपायीच. दुसरं काय राह्यते? तू पाणी टाक थोडं, माती कोरडी झाली — दुसरं म्हणजे ते जीपचं, पण ते काई नोहे. पावसाच्या आंधी साहेब म्हणे, गावं लांब हायेत बाई, जीपमंधी चाला, पुढं बसा माह्याजवळ. एक बार बसली. गिअरचा दांडा मधात राह्यते, अन् त्याचा हात — जाऊ दे. नाल्याजवळ मी उतरली अन् पायी आली, चपला हातात घेऊन, कोणी पाहू नये म्हून झाडीतून. त्याच्यानंतर सगळ्यात लांबचे गावं माह्याकडं आले, अन् मीटिंगले हर बार मीच उभी. कोणाले सांगू? गुणवंतरावाले? भावाले सांगितलं तं म्हणन, नोकरी सोड, घरी ये. घरी ये म्हणजे जनमभर वहिनीच्या हाताखाली भांडे घास. नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं दुसरं घर कोणतं? हे नोकरी हाये म्हून मी माणसात हाये, बुधरीबाई. भेव वाटते मले. लय भेव वाटते. म्हून म्हणते, उद्यापुरती उभी राहू दे चूल.

काय? — काल? काल येऊन गेली जीप? मंग मी कवापासून बोलून राह्यली, तू सांगितलं काऊन नाई — बरं, मीच बोलू देल्लं नाई. असंच करते तो, दिवस एक सांगते अन् येते दुसऱ्याच दिवशी. पाह्यली मंग त्यानं फुटकी चूल? उतरलाच नाई? मंग आत कोण आलं? बाई? कोणती बाई, उंच, हिरव्या काठाची — धुरपता. म्हटलं ना मी तुले. म्हटलं ना. पाह्यली असन अन् सांगितलं असन, आता बदली करून तिकडं दूर सिरोंच्याले धाडतात का घरी, तेवढंच राह्यलं — काय सांगितलं तिनं? "चूल चांगली हाये, तिच्यावरच रांधतात"? दारातून, जोरानं? तू तुह्या कानानं ऐकलं?

अन् मंग? इथी बसली? पाणी मांगितलं. पिऊन झालं तं पुन्हा मांगितलं. साहेबानं हॉर्न वाजवला तरी उठली नाई — कितीक येळ? डोळे पुसून राह्यली होती? धूर लागला म्हणे? चुलीत विस्तू नव्हता ना काल, तूच म्हटलं, खेतातून तवाच आली होती तू. बुधरीबाई, एक सांग मले. नीट आठवून सांग. ती जीपमंधी मांगं बसून आली होती, का पुढं?

…

पुढं. ठेव ती माती. नाई, हात मंग धुवीन. चूल नको करू आता, राहू दे तशीच. जेवाले नाई थांबत मी — अंधाराच्या आंधी पोचा लागन. साहेब आज बी दौऱ्यावर निघन, तिले न्याले जीप खोलीवर येईन, अन् ती एकटी हाये. सरक दारातून.