तोंड समुद्राकडे

ब्रिटनच्या किनाऱ्यावर नव्या रोमन किल्ल्याचा तट चढत होता. सेनिसियो गवंडी कालवं विकत घ्यायच्या रांगेत दोन बायकांमागे उभा होता.

"मातुगेना, तुझ्या नवऱ्याच्या कबरीचा दगडही तटाला नेला म्हणे?"

"नेऊ दे. पंचवीस वर्षं इथेच पहारा केला, आता कायमचा करील."

"पण नावाची बाजू आत घालून चुन्यात गाडतात गं!"

"त्याचं नाही गाडायचं. तोंड समुद्राकडे हवं. चाच्यांना कळू दे कोण उभा आहे ते."

"चाच्यांना वाचता येतं होय?"

"मला तरी कुठे येतं? अक्षरांच्या वर कोरलेल्या घोड्यावरून ओळखते मी."

"गवंडी ऐकेल तुझं?"

"मघापासून ऐकतोय की, मागेच उभा आहे. ये बाबा, आधी तू घे कालवं. आणि तिसऱ्या थरात बसव हं. खाली भरतीचं पाणी लागतं, त्याचे गुडघे धरायचे."